या जेवायला

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी. तिचे यजमान, आमचे उद्धवकाका, अजून आहेत. बारीक झालेत फार, पण आहेत. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या.

फक्त एक करा. जेवता जेवता हे वाचत असाल, तर आधी दार लावून घ्या.

साल एक्क्याऐंशी. फेब्रुवारीचा महिना. परभणीला उरूस भरला होता, आणि ही गोष्ट स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये भरदुपारी सुरू झाली. रात्रीची भुतं सगळ्यांनी ऐकलेली असतात.

हे दुपारचं होतं.

कावेरीमावशी राणीसावरगावच्या खटल्याच्या घरातली सून. सासू, जावा, दीर, गडीमाणसं. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, आणि शेवटी उरलंसुरलं बायकांनी चुलीपाशी बसून खायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या शेजारी बसून ती एकदाही जेवली नव्हती. लग्नात घास भरवला होता, तेवढाच.

गावच्या शाळेतले काशीनाथ गुरुजी हे उद्धवकाकांचे जिवलग. त्यांची बायको सुमंगला पाथरीची, चार गावं बघितलेली. तिने कावेरीला शहराच्या गोष्टी सांगून पार वेडं केलं होतं.

"हाटेलात फॅमिली रूम असतीय, कावेरीबाई. पडदा ओढायचा. नवरा-बायकोनी एका टेबलाला बसायचं. कुणी बगत न्हाई, कुणी बोलत न्हाई."

कावेरीला उरूस नको होता. आकाशपाळणा नको होता. सिनेमा तर नकोच. तिला ते टेबल पाहिजे होतं.

दर्ग्याला नवस बोललाय म्हटल्यावर सासूने दोन दिवसांसाठी सोडलं. एस.टी.ने गंगाखेड, तिथून आगगाडीने परभणी. चौघं दुपारी लॉजवर पोचले तेव्हा भुकेने व्याकूळ झाले होते. हॉटेलात जेवायचं ते संध्याकाळी, असं ठरलेलं. दुपारी घरची शिदोरीच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कांदा.

वरच्या मजल्यावर लांबलचक बोळ होता. दोन्ही बाजूंना खोल्या. आतून ताट-वाट्यांचे आवाज येत होते, पण एकही दार उघडं नव्हतं.

"शहरातली लोकं लय चेंगट बगा," कावेरी म्हणाली. "दार लावून जेवायलेत."

आमच्याकडे दार लावून जेवणं म्हणजे चोरून खाणं. जेवताना दारावरून कुणी गेलं, ओळखीचा असो की परका, त्याला "या जेवायला" म्हणायचं. तो काही खरंच येऊन बसत नाही. त्याने "होऊ द्या" म्हणायचं आणि पुढे व्हायचं. बोलावणाऱ्याचाही मान राहतो आणि जाणाऱ्याचाही. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की मान वर न करताच तोंडातून निघून जातं.

कावेरीने दार सताड उघडं टाकलं आणि दाराकडे पाठ करून वाढायला बसली. उद्धवकाका दाराला लागूनच बसले होते.

बाकीच्यांनी पहिला घास घेतला असेल नसेल...

बोळातून पावलं वाजली.

सावकाश. जुन्या वहाणा ओढत कुणी थकलेला माणूस चालावा तशी. एकेक खोली ओलांडत ती पावलं आली आणि त्यांच्या दाराशी थांबली.

कावेरी धपाटे वाढत होती. मान वर न करताच म्हणाली, "या जेवायला."

उत्तर आलं नाही.

"वैनी," काशीनाथ गुरुजी हसले, "शहरात असं बोलवत न्हाईत. एखादा खरंच येऊन बसंल."

कावेरीने वळून पाहिलं.

दारात कुणी नव्हतं.

तिला जरा चमत्कारिक वाटलं. माणूस नव्हता याचं नाही. पावलं आली होती ती तिने ऐकली होती. गेलेली मात्र ऐकू आली नव्हती.

"चाला, जेवा," उद्धवकाका म्हणाले. त्यांचं ताट तोवर रिकामं झालं होतं. कावेरीने आणखी वाढलं. तेही संपलं. बघता बघता धपाट्यांची चळत बुडाशी आली. काकांचं खाणं गावात नावाजलेलं होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. सुमंगलाने थट्टाही केली की, भाऊजी आमचं बोट तेवढं ठेवा.

काका मात्र हसले नाहीत. ताटाकडे बघत बसले.

"काय झालं वो?" कावेरीने विचारलं.

"काय न्हाई. अजून भूक हाय."

संध्याकाळी ते हॉटेलात गेले. कावेरीने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं होतं. सुमंगलाने सांगितलं होतं तसंच सगळं होतं. लाकडी फळ्यांची खोली, निळा पडदा, टेबल आणि दोन बाकं. एका बाकावर गुरुजी आणि सुमंगला, समोरच्यावर कावेरी आणि उद्धवकाका.

इतकी वर्षं ज्या माणसाला वाढलं, त्याच्या खांद्याला खांदा लावून आज ती जेवणार होती. ती जरा त्यांच्याकडे सरकली.

सरकता आलं नाही.

दोघांच्या मध्ये जागा होती. चांगली माणूसभर. पण तिला तिकडे जाताच येईना. उलट तीच भिंतीकडे दाबली जात होती, गर्दीच्या एस.टी.त शेजारचा माणूस ऐसपैस बसला की होते तशी.

"अवो, जरा हिकडं सरका की," ती हळूच म्हणाली.

"मी कुटं सरकू? तूच माज्या अंगावर आलीस."

वेटर आला. त्याने टेबलावर पाणी ठेवलं.

पाच ग्लास.

"आमी चौघंच हाव," गुरुजी म्हणाले.

वेटरने बाकाकडे पाहिलं. मग पडद्याबाहेर पाहिलं. "तुमच्या मागून आले ना एक जण? मला वाटलं तुमच्यातलेच. हात धुवायला गेले असतील." आणि ग्लास तिथेच ठेवून तो गेला.

गुरुजींना हसू आलं. सुमंगलालाही. कावेरीला आलं नाही. तो ग्लास तिच्या आणि काकांच्या मधोमध होता.

पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, गुलाबजाम आले. काका खात सुटले. घास चावल्याचा आवाज येत होता, गिळल्याचा येत होता, पण चेहऱ्यावर खाल्ल्याचं सुख नव्हतं. कपाळावर घाम. ताट भरलं की रिकामं, भरलं की रिकामं.

"उद्धवराव, पोट हाय का रांजण?" गुरुजी म्हणाले, पण आता त्यांच्याही आवाजात थट्टा नव्हती.

"गुरुजी," काका हळूच म्हणाले, "पोटात काहीच जाईना गेलंय माज्या."

कावेरीने घास खाली ठेवला. तिची नजर टेबलावर गेली.

पाचवा ग्लास...

रिकामा होता.

मनाजोगतं जेवण झालं असतं तर ती त्या रात्री सुखाने झोपली असती. पण ज्या टेबलासाठी जीव टाकला, त्या टेबलावरून ती घासभरही न खाता उठली. तिला रडू आलं आणि लाजही वाटली की, हे काय रडायचं कारण?

पुढे उरुसात हिंडताना ती काकांच्या मागे मागे राहिली. दिव्यांची रोषणाई, रेवड्यांची दुकानं, कव्वालीचे सूर, माणसांचा पूर. दर्ग्यावर चादर चढवून झाली, नारळ ठेवून झाला. काका भजी खात होते, जिलेबी खात होते, आणि दर चार पावलांना टेकायला जागा शोधत होते.

"जरा बसून घेऊ," सुमंगला म्हणाली, आणि मन रमावं म्हणून सगळ्यांना आकाशपाळण्याकडे घेऊन गेली. चौघं पाळण्यात बसले. पाळणेवाल्याने आडवी दांडी लावायला हात घातला आणि थांबला.

"भाई, चारच बैठो. एक उतर जाव."

"चारच हाव की," गुरुजी म्हणाले.

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. एकेका तोंडावरून त्याची नजर फिरली. मग त्याने दांडी सोडली, आणि पुढच्या पाळण्याकडे गेला. त्यांचा पाळणा त्याने फिरवलाच नाही.

सकाळी उजाडताच कावेरीने काकांचं तोंड पाहिलं. गाल बसले होते. डोळे आत गेले होते. काल सकाळी गावातून निघालेला धट्टाकट्टा माणूस, महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखा दिसत होता.

गुरुजी त्यांना जवळच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"किती दिवस उपाशी आहेत हे?"

"उपाशी?" सुमंगला म्हणाली. "रातच्याला अख्खं हाटेल खाल्लंय वो त्यांनी."

डॉक्टरला ती चेष्टा वाटली. त्याने सलाईन लावायला सांगितलं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

लॉजवर सामान घ्यायला आले, तेव्हा मॅनेजर गल्ल्यावर पेपर वाचत होता. काकांना दोन्ही बाजूंनी धरून आणलेलं पाहून तो उठून उभा राहिला. त्याने कावेरीलाच विचारलं, "बाई, काल तुम्ही दार उघडं टाकून जेवलात का?"

"व्हय. कामून?"

तो काही बोलणार होता. मग त्याने पेपराची घडी घातली. नंतर आणखी एक घडी घातली.

"काही नाही. इथं लोक लावून जेवतात," एवढंच म्हणून तो आत निघून गेला.

कावेरी जिन्यात उभी राहिली. आणि तिला लख्ख आठवलं. बोलावलं होतं तिने. "होऊ द्या" कुणीच म्हटलं नव्हतं.

जो "होऊ द्या" म्हणत नाही, तो येतो.

आणि आलेल्या पाहुण्याला ताटावरून उठ म्हणायचं नसतं. वैरी असला तरी नाही. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तसाच त्याला घेऊन गावी जायचं म्हटलं, तर घरात पंगतीला बसणारी लेकरं होती. नाही नेलं, तर नवरा हातचा जात होता. दवाखाना यावर काय करणार?

गुरुजी आणि सुमंगला टांगा बघायला गेले. काका खाटेवर पडून होते. कावेरीने खालून जेवणाचं एक ताट मागवलं. कालची वेळ झाली होती. बोळातल्या सगळ्या खोल्यांची दारं बंद होती.

तिने आपलं दार उघडलं.

ताट समोर घेऊन ती बसली. या वेळी दाराकडे पाठ केली नाही. पदर डोक्यावर नीट घेतला, कारण पाहुणा परका होता.

"पाव्हणं," ती म्हणाली. "बोलावलं मी. तुमी बसलाव त्यांच्या ताटात. त्यांनी तुमाला बोलावलेलं न्हाई. त्यांचं ताट सोडा आता. माज्या ताटात बसा... या जेवायला."

पंखा बंद होता. खिडकी बंद होती.

ताटातल्या गरम भाताची वाफ...

एका बाजूला कलली. कुणी शेजारी बसताना वारा हलावा तशी.

कावेरीने घास घेतला. चावला. गिळला. तिला कळलं. चव होती, पण घास पोटात पोचला नाही. वाटेतच कुठे तरी कुणी तरी घेतला.

आणि खाटेवरून आवाज आला.

उद्धवकाकांना ढेकर आली होती. चांगली, पोटभर जेवल्याची.

"कावेरे," ते झोपेत बोलल्यासारखे म्हणाले, "पोट भरल्यावानी वाटायलंय गं."

तिने ताट संपवलं. रडत रडत संपवलं. ताट संपलं तरी भूक तशीच होती.

गावी आल्यावर काका आठवड्यात हिंडूफिरू लागले. सगळे म्हणाले, शहरचं पाणी बाधलं असेल. गुरुजींची पुढे मानवतला बदली झाली आणि तो विषय मागे पडला.

कावेरीचा मात्र मागे पडला नाही. ती दोन माणसांचं खायची आणि काडीसारखी राहायची. सासू टोमणे मारायची की, हिला घातलेलं जातं कुटं? कावेरी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, दार लावून जेवायची. कुणाला म्हणून "या जेवायला" म्हणायची नाही. आपण बोलवायचं आणि शेजारच्याने खरंच यायचं, मग त्याच्यासोबत काय घरी जाईल कुणी सांगावं? गावाला हे कुठलं ठाऊक? गावाने तिचं नाव चिक्कू ठेवलं. कावेरीच्या घरी जायचं तर पाणी पिऊन जा, असं बायका म्हणायच्या. तिने ऐकून घेतलं.

आणि नवऱ्याच्या शेजारी ती कधीच जेवायला बसली नाही. पाहुण्याला आधीचं ताट आठवलं तर, ही भीती होती.

वर्षं गेली. सासू गेली, दीर वेगळे झाले. आता घरात दोघंच. एका टेबलाला नाही, तर एका चटईवर तरी बसायला कुणाची आडकाठी नव्हती.

विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दिवेलागणीची वेळ. काका जेवत होते. मावशी तव्यावरची भाकरी घेऊन चुलीकडून आली आणि दारात उभी राहिली.

"कावेरे," काका म्हणाले, "परभणीला एकदाच बसलाव आपण जोडीनं. तवाबी तू उपाशीच उठलीस. मी बगितलं होतं. ये की, बस आज. हाय कोण आता आपल्याला बगायला?"

इतक्या वर्षांत त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं.

"तुमचं होऊ द्या," ती कशीबशी म्हणाली.

काकांनी मान वर केली.

ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून... मागे बघत होते.

त्यांनी आपलं ताट जरा बाजूला सरकवलं. मोठं माणूस आल्यावर करतात तशी चटईवर जागा केली. आणि तोंड उघडलं.

"या..."

मावशीने भाकरी टाकून झेप घेतली आणि त्यांच्या तोंडावर तळहात दाबून धरला. त्यांच्या तोंडात घास होता, तो तिच्या हाताला लागत होता. दोघं तसेच बसून राहिले. तिने जिवाचा कान केला. आता तरी दाराकडून "होऊ द्या" येईल. इतक्या वर्षांचा पाहुणा, एवढं तरी म्हणेल.

काही आलं नाही.

"कुणाला बोलवायलाव?" तिने हात काढून विचारलं.

काका गोंधळले. "मला काय ठावं? निघून गेलं तोंडातून."

अर्धंच निघालं होतं. बाकीचं तिने दाबून धरलं होतं. तेवढ्याने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. त्यांचं झाल्यावर ती नेहमीसारखी दार लावून कोपऱ्यात बसली. एक भाकरी खाल्ली. दुसरीला हात घातला...

आणि तिला ढेकर आली.

तेरा वर्षांनी तिचं पोट भरलं होतं. ती हातात भाकरी धरून तशीच बसली, हलायची हिंमत होईना.

बंद दारापलीकडून काकांचा आवाज आला.

"कावेरे... अजून भाकर हाय का गं? भूक गेली न्हाई माजी."

तेव्हापासून मावशीचं घर बदललं. दार सताड उघडं असतं. ती दारातच ताट घेऊन बसते आणि "या जेवायला, माज्या ताटात या" म्हणत राहते. रस्त्याने कुणी जात असो वा नसो. तिने हातापाया पडून बोलावलं, गोडधोड करून बोलावलं, परभणीच्या त्या लॉजवर जाऊनही आली. पाहुणा उठायला तयार नाही.

गावातल्या बायका म्हणतात, कावेरीबाई म्हातारपणी सुधारली बगा, किती अगत्यानं बोलावती.

मी सुट्टीत गावी जातो तेव्हा तिच्या दारावरूनच जावं लागतं. माझी सख्खी मावशी आहे, तिच्या अंगाखांद्यावर मी वाढलो. पण आता ती मान वर करायच्या आत, तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत, मी लांबूनच "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत पुढे होतो.

परवा गेलो तेव्हा ती एकटीच होती. काका आत झोपले होते. मी "होऊ द्या" म्हणून झपाझप निघालो, आणि चार घरं पुढे गेल्यावर थांबलो.

मला वाटलं, माझ्या मागे कुणी तरी वहाणा ओढत चालतंय.

मी अजून जेवलेलो नाही.